प्रशिक्षक म्हणून सही माझी होती

प्रयोगशाळेतली काळजी कुणाला शिकवावी लागत नाही, काम करता करता ती अंगात मुरते, असं मी वीसहून जास्त वर्षं मानत होतो. तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या बैठकीत उभा राहून तसं बोलतही होतो. सुरक्षा प्रशिक्षणाची जबाबदारी नेमकी कुणाची, हे ठरवा, असा विषय निघाला की विरोध करणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. शिक्षकाच्या मानेवर जबाबदारी ठेवाल तर तो कपाटाला कुलूप घालेल आणि प्रयोग खडूने फळ्यावर करील, हे माझं म्हणणं. आज ते म्हणणं मी मागे घेतो आहे. का, ते नीट सांगायला हवं, कारण या प्रकरणात एका मुलीचा हात भाजला आहे आणि एका शिक्षिकेच्या सेवापुस्तकात ठपका बसला आहे. दोन्हीत माझा हात आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचा. नोकरी जवळच्याच एका गावात केली. शाळेचं नाव लिहीत नाही. १९९० साली लागलो, २०२४ साली निवृत्त झालो. आमच्याकडची मुलं केळीच्या बागेत लहानाची मोठी होतात. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करताना त्यांनी बांधावर पाहिलेलं असतं. कार्बाइडचा खडा पाण्यात टाकला की बुडबुडे येतात, घाण वास सुटतो आणि तो वायू पेटतो, हे त्यांना पुस्तकाच्या आधी ठाऊक असतं. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यास अन्न सुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे, पिकवणीच्या खोल्यांत आता इथिलीन सोडतात. तरी वानरं हाकलायच्या पाइपच्या बंदुकीसाठी कार्बाइड मिळतच राहिलं. २०२५ च्या दिवाळीत अशाच बंदुकांनी मध्य प्रदेशात कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. मध्य प्रदेश म्हणजे आमच्यासाठी बऱ्हाणपूर, इथून तासाभराच्या आतबाहेर. अशा धीट मुलांपुढे जो शिक्षक उभा राहतो, त्याला स्वतःला काय येतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मला काय येत होतं, ते आधी सांगतो. पिपेटने द्रावण मी तोंडाने ओढत असे आणि मुलांनाही तसंच शिकवत असे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या दिवशी अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी हा माझा दरवर्षीचा प्रयोग. नारिंगी ढीग पेटायचा, ठिणग्या उडायच्या, हिरवी राख वर्गभर पसरायची आणि मुलं टाळ्या वाजवायची. ती राख मी खराट्याने झाडून घ्यायचो, मुलींकडून. त्या ढिगात न जळता राहिलेलं क्रोमियम कर्करोगाला कारण होऊ शकतं, हे मी बी.एस्सी.ला कधी वाचलं नव्हतं आणि बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या सरांनी मला हा प्रयोग दाखवला होता, त्यांना त्यांच्या सरांनी. अंगात मुरतं म्हणतात ते हे. चूकही तशीच मुरते.

आता त्या सहीच्या कागदाकडे येतो.

तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी आग लागून ९४ मुलं गेली. त्यावरून झालेल्या याचिकेत १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो, असं त्यात आहे. इमारत आणि आग विझवायच्या साधनांबरोबर शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना ती साधनं वापरण्याचं आणि मुलांना बाहेर काढण्याचं प्रशिक्षण द्या, हाही आदेश त्यातच आहे. पुढे शाळेत पत्र आलं: प्रशिक्षण झाल्याचा अहवाल पाठवा. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी ज्येष्ठ विज्ञान शिक्षक. शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षक-खोलीत चहा झाला, मी दहा-पंधरा मिनिटं बोललो, विझवण्याचं नळकांडं भिंतीवर कुठे आहे ते बोटाने दाखवलं. मग एक कागद फिरला. एकोणीस जणांनी सह्या केल्या आणि तळाशी ‘प्रशिक्षक’ या शब्दापुढे मी. नळकांड्याची पिन त्या दिवशी कुणीच ओढली नाही. ते भरलेलं तरी होतं का, मला माहीत नाही.

त्या एकोणीस जणांत एक नवी शिक्षिका होती. लागून वर्षही झालं नव्हतं.

मार्च २०११. नववीचं प्रात्यक्षिक त्याच मॅडम घेत होत्या, मोरचुदाचे स्फटिक तापवायचे. परीक्षानळीत निळा खडा, खाली स्पिरिटचा दिवा. खडा पांढरा पडत जातो, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात, आणि गार झाल्यावर वरून दोन थेंब पाणी टाकलं की निळा रंग परत येतो. सुंदर प्रयोग आहे, मला आजही आवडतो. एका टेबलावरचा दिवा मंद होत होत विझल्यासारखा झाला. मॅडमनी कपाटातून स्पिरिटची बाटली आणली आणि दिव्यात ओतायला गेल्या. दिवा विझलेला नव्हता. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ टेबलावर येत होतं आणि उन्हात स्पिरिटची फिकट निळी ज्योत दिसत नाही. धार ज्योतीला लागली, आग धारेवरून बाटलीत चढली आणि बाटलीच्या तोंडातून भपकन समोरच्या बाजूला गेली. समोर एक मुलगी चिमटा धरून उभी होती. तिच्या ओढणीने पेट घेतला.

ती बाटली पाण्याची होती, एक लिटरची, प्लास्टिकची, रिकामी झाल्यावर धुऊन घेतलेली. मोठ्या कॅनमधून तिच्यात स्पिरिट काढून ठेवायची पद्धत मी पाडली होती. दिवे भरायला सोपं जातं म्हणून.

मी शेजारच्या वर्गात होतो. धावत आलो तोवर मॅडमनी ओढणी ओढून काढली होती आणि स्वतःचे दोन्ही तळवे भाजून घेतले होते. मुलीचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मान. मी काय केलं? टूथपेस्ट मागवली. शिपाई समोरच्या दुकानातून घेऊन आला आणि मी माझ्या हाताने तिच्या हातावर ती पेस्ट चोळली, चांगली जाड. माझ्या आईने मला लावली होती. भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं असतं आणि वर काहीही चोळायचं नसतं, एवढं मला माहीत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांना ती पेस्ट आधी पुसून काढावी लागली. भाजलेल्या कातडीवरून वाळलेली पेस्ट काढताना ती मुलगी ज्या आवाजात ओरडली, तो आवाज मी दाराबाहेर उभा राहून ऐकला. आग मॅडमच्या हातून लागली असेल. तो आवाज माझा होता.

मुलगी वाचली. हात वाकतो, लिहिता येतं, व्रण राहिले.

संस्थेने तीन जणांची चौकशी समिती नेमली. त्यातला एक मी. हे लिहिताना आजही पेन जड होतं. समितीपुढे मॅडम म्हणाल्या, पेटता दिवा भरू नये हे मला ठाऊक होतं, तो पेटता आहे हे दिसलं नाही, आणि झाकण ठेवून, गार होऊ देऊन मगच भरायचा, ही रीत मला कुणी दाखवली नव्हती. तेव्हा समितीच्या एका सदस्याने फाइलमधून तो कागद काढला. मॅडमची सही होती. तळाशी माझी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकही शब्द बोलल्या नाहीत. त्या शनिवारी काय झालं आणि काय झालं नाही, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी मान खाली घातली. ‘सदर शिक्षिकेस प्रशिक्षण दिलेले असूनही’ अशी सुरुवात असलेल्या अहवालावर मी सही केली.

काही दिवसांनी मुलीचे वडील शाळेत आले. केळीच्या गाड्या भरायच्या कामावर जायचे, अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. ते फक्त बाकावर बसले आणि मला विचारलं, "सर, त्या बाईले हे कोनं शिकवेल होतं?"

"त्यांना शिकवलेलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गेले.

त्या प्रश्नाने माझं मन लगेच बदललं असतं तर मी बरा माणूस ठरलो असतो. तसं झालं नाही. मॅडम पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या संस्थेत गेल्या. प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि ते दोन वर्षं निघालं नाही. मुलं गाईडमधून आकृत्या उतरवून जर्नल पूर्ण करायची, मीही लाल पेनने बरोबरची खूण करायचो. दहावीची एक मुलगी एकदा तोंडी परीक्षेत म्हणाली, मोरचूद तापवला की काळा पडतो. तिने तो कधी पाहिलाच नव्हता. जबाबदारी आली की प्रयोगशाळा बंद पडेल, हे माझं बैठकीतलं भाषण मला तिथे आठवलं. इथे तर कुणावर काहीच जबाबदारी नव्हती. ठपका एका नव्या बाईवर टाकून आम्ही बाकीचे सगळे मोकळे झालो होतो, आणि तरी प्रयोगशाळा बंद होती. भीती होती म्हणून बंद होती. भीती का, तर येत काहीच नव्हतं. मी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली होती, आणि तेही विज्ञान शिकवून.

१८ जुलै २०१३ रोजी ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. तो दुकानातल्या विक्रीबद्दल आहे, असंच सगळ्यांना माहीत असतं. त्यात शाळा-कॉलेजांबद्दल आणि प्रयोगशाळांबद्दलही स्पष्ट लिहिलं आहे: ॲसिडच्या वापराची नोंदवही ठेवा, ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे द्या, आणि एक व्यक्ती जबाबदार म्हणून नेमा. एक व्यक्ती. शिक्षक-खोलीत मुख्याध्यापकांनी विचारलं, नाव कुणाचं घालू? कुणी वर पाहीना. मी नाव दिलं. धैर्य म्हणून दिलं नाही. दोन वर्षं रोज ज्या कपाटावरून मी जात होतो, त्यात गंधकाम्लाच्या बाटलीचं बूच खाल्लं गेलं होतं आणि सोडियमच्या बरणीतलं रॉकेल निम्म्यावर आलं होतं. हे आता कुणाच्या तरी नावावर असलं पाहिजे, एवढंच मला वाटलं. नाव लिहिल्यावर आधी दोन रात्री मी ते कपाट आवरलं. आपल्या नावावर आहे म्हटल्यावर माणूस झाकण उघडून बघतो. मला हे पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळलं.

मग मी वाचायला लागलो, आणि जे वाचलं त्यात आमची बाटली सगळीकडे दिसू लागली. अमेरिकेत निरनिराळ्या क्षारांच्या रंगीत ज्वाळा दाखवायचा एक प्रयोग शाळांत करतात, त्यात मिथेनॉल ओतलं जातं. २००६ साली ओहायोत त्यात एक विद्यार्थिनी भयंकर भाजली. तिथल्या रासायनिक अपघातांच्या तपास मंडळाने त्यावर चित्रफीत काढून डिसेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. महिना उलटायच्या आत, २ जानेवारी २०१४ ला, न्यूयॉर्कच्या एका शाळेत तोच प्रयोग, तशीच आग, एक मुलगा होरपळला. ते मंडळ सांगून सांगून थकलं ती गोष्ट अशी: मोठ्या बाटलीतून ज्योतीजवळ ओतू नका. लागेल तेवढंच लहान भांड्यात घ्या. न्यूयॉर्कच्या खटल्यात २०१९ साली ज्यूरीने शिक्षिकेबरोबर शहराच्या शिक्षण विभागालाही जबाबदार धरलं. त्याआधी, डिसेंबर २००८ मध्ये, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तेवीस वर्षांची एक संशोधन सहायक हवेत आपोआप पेटणारं रसायन हाताळताना भाजली आणि अठरा दिवसांनी गेली. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, वर प्रयोगशाळेचा कोट नव्हता. सरकारी तपासात विद्यापीठाला दंड झाला, त्याचं एक कारण तिला प्रशिक्षण दिलं नव्हतं हे. पुढे तिच्या प्राध्यापकावर फौजदारी खटला उभा राहिला. स्वेटरचं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. ओढणी आठवली.

आणखी एक आकडा. शुद्ध इथाइल अल्कोहोलची वाफ साधारण १३ अंश सेल्सिअसपासून ठिणगीने पेटू शकते, मिथेनॉलची ११ पासून. आमच्याकडे मार्चच्या दुपारी पारा चाळिशीला टेकायला लागतो. म्हणजे खानदेशातल्या शाळेत स्पिरिटची उघडी बाटली वर्षाचे जवळपास सगळे दिवस पेटायला तयार असते. जळगावच्या शिक्षकाला हे माहीत असणं महाबळेश्वरच्या शिक्षकापेक्षा जास्त गरजेचं आहे.

जून २०१४ पासून शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी दोन तास घ्यायला लागलो. भाषण नाही. प्रत्येकाने स्वतः दिवा विझवायचा, झाकण ठेवायचं, हात लावून गार झाल्याची खात्री करायची, लहान नरसाळ्याने भरायचा, बाटली कपाटात परत ठेवायची, मगच काडी ओढायची. प्रत्येकाने पाण्यात ॲसिड थेंबाथेंबाने सोडायचं आणि चंचुपात्राला बाहेरून हात लावून ते किती तापतं ते बघायचं. प्रत्येकाने नळकांड्याची पिन ओढायची. मैदानात पत्र्याच्या घमेल्यात कागद पेटवून त्यावर घोंगडी टाकायची. शुद्ध लोकरीची घोंगडी, कारण मिश्र धाग्याची ब्लँकेट वितळून कातडीला चिकटते. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात हाताला चटका देतं, म्हणून प्रयोगशाळेत दोन मोठे माठ भरलेले. शिपाईदादा पण यात हवेत, हा माझा हट्ट. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणी पदं रिकामी होतील तशी संपत जाणार, बदल्यात ठोक भत्ता. प्रयोगशाळा परिचर त्यातच आला. आज भत्त्यावर येणारा मुलगा उद्या बदलतो, आणि बाटल्या हलवायला तोच असतो.

सही मात्र आता दुसऱ्या पद्धतीने होते. केलं त्याची सही, आणि त्याला करताना ज्याने पाहिलं त्याची शेजारी. न पाहता कुणी कुणासाठी सही करायची नाही. पहिल्या वर्षी गणिताच्या एका सरांनी माझ्यापुढे वही सरकवली, म्हणाले, "आपलं काय सर, करून टाका." मी वही मिटली. बोलणं झालं, पंधरा दिवस अबोला राहिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

जुन्या मतातलं सगळंच मी टाकलेलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने मुलांच्या सुरक्षेबाबत शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. चांगल्या आहेत. पण जबाबदारी उताराने वाहते. संस्थेकडून मुख्याध्यापकाकडे, त्यांच्याकडून शिक्षकाकडे, आणि शेवटी ती सगळ्यांत नव्या, सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाच्या टेबलावर साचते. आमच्या शाळेत तेच झालं. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरता भरता ज्या शिक्षकाला दोन तास मिळत नाहीत, त्याला तुम्ही अपघातानंतर कागद दाखवू शकत नाही. दोन तास आणि घोंगडीचे पैसे देणं ही वरच्यांची जबाबदारी. ते मिळाल्यावर पिन स्वतः ओढणं ही शिक्षकाची. अपघात झाला की पहिला प्रश्न मुलीच्या वडिलांनी विचारला तोच हवा, आणि उत्तर देणाऱ्याने तोवर खुर्चीवरून हलू नये.

मी त्यांना खरं उत्तर द्यायला २०१५ साल उजाडू दिलं. मुलीची बारावी झाली होती. रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर केळीच्या गाड्या उभ्या असतात तिथे ते भेटले. मी सांगितलं, बाईंना कुणीही शिकवलं नव्हतं, शिकवल्याची खोटी सही माझी होती. ते बराच वेळ घडांकडे बघत राहिले. "मले तवाच वाटलं होतं," म्हणाले, आणि गाडी भरायला वळले. मी तिथे थांबलो, पण ते परत बोलले नाहीत.

त्याच महिन्यात संस्थेला लेखी दिलं: प्रशिक्षण झालं नव्हतं, चौकशी अहवालावरची माझी सही चुकीची आहे, शिक्षिकेच्या सेवापुस्तकातली नोंद काढावी. पोच मिळाली. उत्तर आलं नाही. निवृत्तीच्या आधी दोनदा स्मरणपत्र दिलं. नोंद, माझ्या माहितीप्रमाणे, अजून तिथेच आहे.

मॅडमना पत्र लिहायला मला आणखी धीर करावा लागला. निवृत्त झाल्यावर लिहिलं, पाच पानं. सह्यांच्या कागदाची, चौकशीच्या दिवसाची, त्यांनी माझ्याकडे पाहिलं त्या क्षणाची, सगळी कबुली. तीन आठवड्यांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उत्तर आलं. माफीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आपल्या शाळेत आता विज्ञान विभाग त्यांच्याकडे आहे आणि जूनमध्ये तसे दोन तास घ्यायचा विचार आहे, असं लिहिलं होतं. खाली विचारलं होतं, नरसाळं काचेचं घेता की पत्र्याचं, आणि घोंगडी किती लांब, किती रुंद लागते.

मापं मी कधी घेतलीच नव्हती. टेप घेऊन शाळेत गेलो.